सेंड बफर वाढवूनही ‘नो बफर स्पेस’ का येतो?

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या विजयनगरमधल्या एका छोट्या टीमने ट्रकमधल्या जीपीएस डब्यांचा डेटा घेणारा सर्व्हर लिहिला आहे. गिऱ्हाईक देवास नाक्याचा ट्रान्सपोर्टर. डेटा यूडीपीने (पोहोच न मागता पॅकेट सोडणारा प्रोटोकॉल) येतो, एका पॅकेटमध्ये २०० बाइटचा मजकूर. लोड टेस्टमध्ये सेकंदाला १ लाख पॅकेट सोडायची आहेत. ४५ हजारांपर्यंत सगळे सुरळीत चालते, ४७ हजारांच्या आसपास गाडी अडते. टीसीपीरिप्ले, म्हणजे आधी टिपलेली पॅकेट पुन्हा सोडणारे टूल, त्याच्या पुढे जातच नव्हता. आठ थ्रेडचा स्वतः लिहिलेला जनरेटर ‘सगळे पाठवले’ म्हणत होता, पण सर्व्हरवर पॅकेट कमी पोहोचत होती आणि नेटस्टॅटमध्ये (नेटवर्कचे आकडे दाखवणारी कमांड) ‘सेंड बफर एरर्स’ हळूहळू वाढत होते. कुणीतरी सांगितले म्हणून सेंड बफर, म्हणजे पाठवायच्या पॅकेटांसाठीची मेमरी, ८ एमबी केला. त्यानंतर टीसीपीरिप्लेच्या शेवटच्या आकडेवारीत ईनोबफ्समुळे (‘नो बफर स्पेस’ या एररचे कोडमधले नाव) पुन्हा पाठवलेल्या पॅकेटांचा आकडा लाखांत गेला आणि स्वतःच्या जनरेटरचे नुकसान कितीतरी वाढले. शिवाय एका सहकाऱ्याच्या विंडोज लॅपटॉपवर जेमीटर या लोड टेस्टच्या टूललाही तोच ‘नो बफर स्पेस अव्हेलेबल’. विचारणा अशी की बफर अजून वाढवू, की १० गिगाबिटचे कार्ड घेऊ?

दोन्ही नको. आधी जनरेटरच्या मशीनवर ईथटूलला (नेटवर्क कार्डाची माहिती देणारी कमांड) इंटरफेसचे नाव देऊन चालवा आणि ‘स्पीड’ची ओळ वाचा. तिथे १००० ऐवजी १०० दिसेल असा माझा कयास आहे.

हा कयास हवेतला नाही, तुमच्याच आकड्यातून निघतो. २०० बाइटच्या मजकुरावर यूडीपीचे ८, आयपीचे २० आणि इथरनेटचे १४ बाइट चढतात. शेवटी तपासणीचे ४. शिवाय दर फ्रेमच्या आधी प्रिअँबलचे ८ आणि दोन फ्रेममधले मोकळे अंतर १२ बाइटचे. हे शेवटचे २० बाइट वायरशार्कमध्ये दिसत नाहीत, म्हणून लोक ते हमखास विसरतात. पण वायरवर त्यांचा वेळ जातोच. एकूण २६६ बाइट, म्हणजे २,१२८ बिट. १०० मेगाबिटला २,१२८ ने भागा: ४६,९९२. तुम्ही ४५ हजारांना सुखी आणि ४७ हजारांना दुःखी का आहात, ते इथेच कळते. गिगाबिट लिंकवर हीच मर्यादा ४ लाख ६९ हजारांच्या पुढे असती.

गिगाबिट कार्ड आणि गिगाबिट स्विच असूनही लिंक १०० वर येण्याचे सगळ्यात सामान्य कारण म्हणजे पॅच कॉर्ड. १०० मेगाबिटला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एक जोडी तुटली, क्रिंपिंग नीट बसले नाही किंवा स्वस्त कॉर्डमध्ये मुळात दोनच जोड्या भरल्या, की दोन्ही बाजू गुपचूप १०० वर तडजोड करू शकतात. लिंकचा दिवा लागलेला असतो, पिंग जातो, ब्राउझिंग होते, कुणाला संशयही येत नाही. लॅपटॉपला यूएसबीचा इथरनेट डोंगल लावला असेल तर तोही तपासा. स्वस्तातले बरेच डोंगल १०० मेगाबिटचेच असतात, खोक्यावर काहीही लिहिलेले असो.

आता बफरकडे. ‘भिया, सिसकंट्रोलमध्ये डब्ल्यूमेम वाढवून टाक’ (म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, कर्नलच्या, सेटिंगमधला सेंड बफरचा आकडा) हा सल्ला इंदुरात काय आणि बाहेर काय, सगळीकडे मिळतो. तो चुकीच्या जागी लागू केला की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी होते, कारण तुमच्या प्रोग्रामपासून तारेपर्यंत बफर एक नसतो. आधी सॉकेटचा (प्रोग्रामचे नेटवर्ककडचे दार) सेंड बफर, लिनक्सवर साधारणपणे २,१२,९९२ बाइटचा. त्याच्याखाली क्यूडिस्क, म्हणजे इंटरफेसची रांग. तुम्ही पाठवलेल्या टीसीच्या (क्यूडिस्क दाखवणारी कमांड) आउटपुटमध्ये तिथे पीफिफो-फास्ट हा रांगेचा प्रकार आहे आणि रांगेची लांबी १,०००. ही लांबी पॅकेटांत मोजतात, बाइटांत नाही. त्याखाली ड्रायव्हरची रिंग, काही शे ते काही हजार जागांची. आणि मग वायर. एरर यातल्या नेमक्या कुठल्या पायरीवर आला ते ठरवल्याशिवाय कुठलाही आकडा वाढवू नये.

सॉकेटचा बफर म्हणजे सुटी साठवणूक नव्हे, ती उधारीची वही आहे. पॅकेट सॉकेटमधून निघून क्यूडिस्कच्या रांगेत गेले तरी ते सॉकेटच्याच नावावर मांडलेले राहते. ड्रायव्हरने उचलल्यावर किंवा प्रत्यक्ष पाठवून झाल्यावरच ते नाव खोडले जाते. शिवाय मजकूर, यूडीपी आणि आयपी मिळून होणारे नुसते २२८ बाइट मांडत नाहीत. कर्नलची स्वतःची बांधणी धरून तुमच्या एका पॅकेटपोटी हजार-बाराशे बाइट लागतात. कर्नलच्या आवृत्तीप्रमाणे यात फरक पडेल, पण अंदाज तेवढाच. म्हणजे २,१२,९९२ बाइटांत एका सॉकेटची दीड-पावणेदोनशे पॅकेटच उधारीवर राहू शकतात.

रांग १,००० पॅकेटांची आणि एक सॉकेट त्यात जास्तीत जास्त पावणेदोनशे टाकणार. रांग भरणार कशी? नाहीच भरत. त्याआधी सॉकेट भरतो, सेंड कॉल थांबून राहतो (सॉकेट नॉन-ब्लॉकिंग, म्हणजे न थांबणारा, असेल तर ‘नंतर पुन्हा बघ’ म्हणणारा ईअगेन एरर येतो), आणि तुमचा प्रोग्राम आपोआप वायरच्या गतीने चालतो. टीसीपीरिप्ले सुरुवातीला ४७ हजारांच्या पुढे जात नव्हता तो याचमुळे. ती अडचण नव्हती, व्यवस्था नीट काम करत होती. तुमच्या जनरेटरचे आठ थ्रेड म्हणजे आठ सॉकेट. आठ गुणिले दीडशे-पावणेदोनशे म्हणजे बाराशे-चौदाशे. हे १,००० च्या थोडे वर जाते, म्हणून तेव्हाही थोडी थोडी पॅकेट गळत होती.

मग बफर ८ एमबी केला. आता एकेक सॉकेट साडेसहा हजारांच्या घरात पॅकेट उधारीवर ठेवू शकतो, आणि त्याखालची रांग मात्र १,०००चीच. सॉकेट कधी भरतच नाही, सेंड कधी थांबत नाही, आणि जास्तीची सगळी पॅकेट रांगेच्या दारात फेकली जातात. थांबवणारा ब्रेक तुम्ही स्वतःच काढून टाकलात. गच्चीवरची टाकी मोठी केली म्हणून खालच्या नळाची धार वाढत नाही, तसेच हे. इथे तर वरून पाणी वाहूनही गेले.

एक बारकावा. डब्ल्यूमेम-मॅक्स ही फक्त कमाल मर्यादा आहे. प्रोग्रामने स्वतः सेंड बफर मागितला नाही तर ती वाढवून काहीच होत नाही, डब्ल्यूमेम-डिफॉल्ट बदलले तरच होते. आणि प्रोग्रामने मागितला तर कर्नल मागितलेल्या आकड्याची दुप्पट धरतो. तुम्ही दोन्ही बदललेत, म्हणून परिणाम लगेच दिसला. नुसते मॅक्स वाढवणाऱ्यांना ‘काही फरक पडला नाही’ असे वाटते आणि ते आणखी एक शून्य वाढवतात.

तुमच्या प्रश्नातला खरा मासला वेगळाच आहे: एक टूल ओरडते आणि दुसरे गप्प बसते, रांग मात्र एकच. टीसीपीरिप्ले कच्च्या पॅकेट सॉकेटने फ्रेम सोडतो. तिथे क्यूडिस्कने पॅकेट नाकारले की एरर क्रमांक १०५, म्हणजे ईनोबफ्स, सरळ प्रोग्रामच्या हाती येतो. टीसीपीरिप्ले तो मोजतो आणि तेच पॅकेट पुन्हा पाठवतो. म्हणून तो लाखांतला आकडा हरवलेल्या पॅकेटांचा नाही, पुन्हा केलेल्या प्रयत्नांचा आहे. पॅकेट पोहोचतात, फक्त तुम्ही मागितलेल्या वेळेला नाही.

साध्या यूडीपी सॉकेटचे तसे नाही. रांग भरल्याचा एरर कर्नल तिथे गिळून टाकतो, सेंडला ‘यशस्वी’ म्हणून परत पाठवतो आणि नेटस्टॅटमधला सेंड बफर एरर्सचा काटा फक्त एकने पुढे ढकलतो. लिनक्सच्या मॅन पेजमध्येही हे लिहून ठेवले आहे: रांग ओसंडली की पॅकेट सहसा मुकाट्याने टाकले जाते. तुमचा जनरेटर खोटे बोलत नव्हता, त्याला कुणी सांगितलेच नव्हते. सॉकेटवर आयपी-रिसीव्ह-एरर हा पर्याय चालू करा, मग ईनोबफ्स तुमच्या प्रोग्रामपर्यंत येईल.

तो आला की काय करायचे? बरेच जण पोल (सॉकेट तयार आहे का ते विचारणारा कॉल) लावून सॉकेट लिहिण्याजोगा होईपर्यंत थांबू पाहतात. त्याने काम होत नाही. पोल सॉकेटचा बफर बघतो, आणि तिथे जागा आहेच, भरली आहे ती खालची रांग. पोल तत्काळ ‘लिही’ म्हणतो, तुम्ही लिहिता, पुन्हा ईनोबफ्स, आणि सीपीयूचा एक कोअर शंभर टक्क्यांवर तापत बसतो. लोड टेस्टमध्ये मी तो एरर ‘न पाठवलेले’ म्हणून वेगळा मोजतो आणि ठरलेल्या वेळापत्रकाने पुढे जातो. पुन्हा पाठवत बसलात तर लोडचा आकारच बदलतो.

डब्ल्यूमेमचे दोन्ही आकडे मूळ जागी आणा. आठ थ्रेडांसाठी प्रत्येक सॉकेटचा बफर थोडा लहान केलात तरी चालेल, सगळ्यांची मिळून उधारी हजाराच्या आत राहिली की झाले. यूडीपी जनरेटरला लहान बफर हा गुण आहे, हे माझे मत बऱ्याच जणांना पटत नाही, पण वरचा हिशेब करून पाहा. ‘मग क्यूडिस्कची रांगच १०,००० करतो’ असा विचार मनात येईल. १०० मेगाबिटला तुमची १,००० पॅकेट रिकामी व्हायला २१ मिलिसेकंद लागतात, १०,००० ना २१३. त्यानंतर तुम्ही गिऱ्हाइकाला दाखवाल तो लेटन्सीचा, म्हणजे उशिराचा, आलेख सर्व्हरचा नसेल, तुमच्याच टेबलावरच्या रांगेचा असेल.

नव्या डिस्ट्रोंवर पीफिफोच्या जागी बहुधा एफक्यू-कोडेल सापडेल, आणि तिथे आणखी अंधार. कोडेल पॅकेट आत घेते आणि रांगेत फार वेळ पडून राहिले तर बाहेर काढताना टाकून देते. तोवर सेंड कधीच यशस्वी होऊन परतलेला असतो, त्यामुळे कुठल्याच टूलला एरर येत नाही. ही गळती टीसीने ‘-एस’ लावून क्यूडिस्क दाखवायला सांगितले की ‘ड्रॉप्ड’च्या पुढे सापडते, आणि तिथेच. नुसते एफक्यू हा रांगेचा प्रकार असेल तर त्यात एका फ्लोला, म्हणजे एका प्रवाहाला, डिफॉल्ट १०० पॅकेटांचीच जागा असते. एकाच पोर्टवरून एकाच पोर्टवर मारा करणारी टेस्ट तिथे लगेच आपटते.

केबल बदलली, लिंक १००० वर आली, तरी एरर पूर्ण जाईलच असे नाही. उरलेला भाग पॅकेट सोडण्याच्या तालाचा असेल. सेकंदाला १ लाख म्हणजे दोन पॅकेटांत १० मायक्रोसेकंद. साध्या स्लीपने इतके बारीक थांबता येत नाही: लिनक्समध्ये साध्या थ्रेडच्या टायमरला डिफॉल्ट ५० मायक्रोसेकंदांची ढिलाई असते, शेड्यूलरचा उशीर वेगळाच. मग प्रोग्रामर काय करतो? दर २० मिलिसेकंदांनी उठतो आणि २,००० पॅकेट एकदम सोडतो. सरासरी बरोबर १ लाख, गिगाबिट लिंकचा वापर फक्त २१ टक्के, मॉनिटरिंगच्या आलेखात सगळे हिरवेगार. पण ही २,००० पॅकेट वायरवर जायला सव्वाचार मिलिसेकंद लागतात आणि प्रोग्राम ती त्याहून फार लवकर ओततो. १,०००ची रांग फुटते, उरलेले पंधरा-सोळा मिलिसेकंद वायर रिकामी. एक सेकंदाच्या सरासरीत हे कधीच दिसणार नाही.

तुमच्या कोडमध्ये हेच आहे की नाही ते टिकरचा, म्हणजे किती वेळाने उठायचे त्याचा, आकडा बघून कळेल. १ मिलिसेकंदाला १०० पॅकेट असे करा, आणि आठही थ्रेड एकाच क्षणी उठणार नाहीत एवढा प्रत्येकाला वेगळा सुरुवातीचा विलंब द्या. बहुतेक वेळा इथेच काम संपते. याहून काटेकोर हवे असेल तर एफक्यू क्यूडिस्क लावून सॉकेटवर कमाल पेसिंग रेट ठरवता येतो, मग अंतर कर्नल सांभाळतो. टीसीपीरिप्लेला टॉपस्पीडवर सोडू नका, सेकंदाला किती पॅकेट ते सांगा आणि कॅप्चर फाइल आधी मेमरीत भरायला सांगा, नाहीतर डिस्कचे हेलकावे तालात मिसळतात. त्याच फाइलमध्ये एमटीयूपेक्षा (एका फ्रेममध्ये मावणारा कमाल आकार) मोठी पॅकेट असतील तर ‘मेसेज टू लाँग’ येतो. तो एरर क्रमांक ९०, त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

लिंक १०००, ताल नीट, सरासरी कमी, आणि तरीही रांग भरते, असे झाले तर पॉज फ्रेम बघा. समोरचा स्विच किंवा कार्ड दमले की ते इथरनेटच्या पातळीवर ‘थांब’ असा इशारा पाठवते आणि तुमचे कार्ड मुकाट्याने थांबते. ईथटूलच्या आकडेवारीत ‘फ्लो कंट्रोल’ किंवा ‘एक्सऑफ’ नावाचे काटे असतात, नेमके नाव ड्रायव्हरप्रमाणे बदलते. टेस्ट चालू असताना ते वाढत असतील तर दुखणे समोरच्या बाजूला आहे. टेस्ट एडब्ल्यूएसच्या मशीनवरून करत असाल तर त्यांच्या ईएनए कार्डाच्या आकडेवारीत ‘पीपीएस अलाउन्स एक्सीडेड’ असा काटा सापडेल. तिथे मर्यादा इन्स्टन्सच्या प्रकाराची असते, कर्नलची नाही.

विंडोजवरच्या जेमीटरचे दुखणे वेगळे, मेसेज तेवढा एक. तिथला १००५५ क्रमांकाचा एरर ‘मॅक्झिमम कनेक्शन्स रीच्ड?’ अशी शंका जोडून येतो, आणि ती शंका बहुधा खरी असते. व्हिस्टापासून विंडोजमध्ये बाहेर जाणाऱ्या कनेक्शनांसाठी ४९१५२ ते ६५५३५ एवढेच पोर्ट असतात, १६,३८४. जेमीटर दर रिक्वेस्टला नवीन कनेक्शन उघडून बंद करत असेल तर बंद केलेले पोर्ट टाइम-वेटमध्ये काही वेळ अडकून पडतात आणि साठा संपतो. म्हणूनच तो एरर तुमच्या जनरेटरपेक्षा कमी लोडवर येतो. एचटीटीपी सँपलरमध्ये कीप-अलाइव्ह (तेच कनेक्शन पुन्हा वापरणे) चालू करा आणि दर फेरीला कनेक्शन मोडत नाही ना ते पाहा. तरी भागले नाही तर नेटशेलने पोर्टची रेंज वाढवा. सेंड बफरला हात लावू नका.

हाच मेसेज आणखी दोन ठिकाणी भेटतो. एकाच सपाट सबनेटमधल्या हजारभराहून जास्त पत्त्यांवर मारा केला की लिनक्सचा एआरपी टेबल (कुठल्या आयपी पत्त्याचे कार्ड कुठले, त्याची यादी) भरतो. त्याची डिफॉल्ट कमाल मर्यादा १,०२४ आहे, आणि तेव्हा साधा पिंगसुद्धा ‘नो बफर स्पेस’ म्हणतो. कर्नलच्या लॉगमध्ये ‘नेबर टेबल ओव्हरफ्लो’ दिसते. तुमचे लक्ष्य एकच सर्व्हर आहे, तेव्हा ते सोडून द्या. दुसरी जागा पीथमपूरच्या गाड्या बनवणाऱ्यांना पाठ असेल: कॅन बस, म्हणजे गाडीच्या आतले कंट्रोलर जोडणारे नेटवर्क. तिथे इंटरफेसची रांग डिफॉल्ट १० फ्रेमचीच असते, त्यामुळे कॅनजेन या फ्रेम सोडणाऱ्या टूलने जरा जोर लावला की ईनोबफ्स ठरलेला. कॅनजेनमध्ये हा एरर दुर्लक्षित करण्याचा वेगळा पर्यायच दिलेला आहे.

पुढच्या टेस्टआधी आणि नंतर चार जागांचे आकडे टिपून ठेवा: जनरेटरने सोडलेली पॅकेट, क्यूडिस्कचे ड्रॉप्ड, जनरेटरच्या कार्डाने खरोखर पाठवलेली पॅकेट (ईथटूलची आकडेवारी), आणि सर्व्हरच्या कार्डावर आलेली. सर्व्हरच्या नेटस्टॅटमधले ‘रिसीव्ह बफर एरर्स’ पाचवे धरा. तिथेही सॉकेटचा बफर डिफॉल्ट २,१२,९९२ चाच असतो, आणि त्या बाजूला मात्र तो वाढवणे योग्य ठरते, कारण येणारा झोत थांबवणे तुमच्या हातात नसते. तिसरा आणि चौथा आकडा जुळला नाही तर स्विच. दुसरा वाढला तर जनरेटर. हे न करता ‘सर्व्हर ५३ टक्के पॅकेट गाळतो’ असा अहवाल गिऱ्हाइकाकडे गेला तर खापर बिचाऱ्या बॅकएंडवाल्यावर फुटेल, आणि त्याच्यापर्यंत ती पॅकेट पोहोचलेलीच नसतील.

राहिला कार्डाचा प्रश्न. तुमची १ लाख पॅकेट म्हणजे वायरवर २१३ मेगाबिट. गिगाबिटमध्ये ती चारदा मावतात. उद्या लक्ष्य १० लाखांवर गेले तर २.१ गिगाबिट होतील. तेव्हा गिगाबिटहून मोठे कार्ड लागेल, आणि नुसत्या कार्डाने भागणार नाही. पॅकेटागणिक एक सिस्टिम कॉल परवडणार नाही, सेंड-एमएमएसजीने घाऊक पाठवावे लागेल, नाहीतर सरळ कर्नलचा पॅकेटजेन किंवा कर्नलला वळसा घालणाऱ्या डीपीडीकेवरचा टीरेक्स हे जनरेटर. आज मात्र जेल रोडवरून एक धड कॅट-६ची पॅच कॉर्ड आणा, डब्ल्यूमेमचे आकडे मागे घ्या, टिकर १ मिलिसेकंदावर आणा आणि टेस्ट पुन्हा चालवा. ईथटूलची स्पीडची ओळ आधीच १००० दाखवत असेल तर माझा कयास चुकला. मग टेस्ट चालू असतानाचे टीसीचे आणि पॉज फ्रेमचे आकडे दोन-दोनदा, दहा सेकंदांच्या अंतराने घेऊन पाठवा.